कोटिंगच्या खोलीतली चटई

कारखान्यात तुमचं नेमकं काम काय होतं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, घाबरण्याचं. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नाही हो. जळगावच्या एमआयडीसीत सिलिकॉन रबराच्या वस्तूंवर कोटिंग चढवणाऱ्या एका खोलीचा मी सुपरवायझर होतो आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिलो. त्या खोलीत ज्याला भीती वाटत नाही, अशा माणसाला मी पहिल्याच दिवशी पॅकिंगला पाठवून देत असे. माझी बायको दोंडाईचाची. आल्यागेल्याला ती माझी ओळख करून देते ती अशी, "हाऊ मानूस सोतानी सावलीले बी घाबरस." म्हणजे, हा स्वतःच्या सावलीलाही घाबरतो. खरं आहे तिचं. मी कधी वाद घातला नाही.

आता दिवाळी अंकासाठी कामाच्या गमती लिहा म्हणतात. गमती आहेत थोड्या, पण मला रात्रंदिवस आठवते ती एकच सकाळ, आणि तिच्यात गंमत कमी आहे. ती कळायची तर आधी आमचा धंदा कळायला हवा. तो सांगतो. कंटाळा आला तरी वाचा, पुढं उपयोगी पडेल.

सिलिकॉन रबर तुमच्या घरातही आहे. कुकरची पांढरी रिंग, मिक्सरच्या झाकणाखालची रिंग, रिमोटची मऊ बटणं. भट्टीच्या दाराला लावा, बर्फाच्या पेटीला लावा, गडी कुरकुर करत नाही. पण त्याच्या खोडी फार. अंगाला धूळ ओढून घेतो. एकमेकांवर ठेवले की दोन तुकडे असे बिलगतात की सोडवताना फाटतात. साध्या सिलिकॉनला तेल लागलं की ते फुगतं. आणि सगळ्यात मोठी खोडी म्हणजे त्याच्यावर काहीही बसत नाही. रंग लावा, निघाला. शाई लावा, पुसली. मग त्याला आधी प्रायमर नावाचा पातळ थर द्यायचा, किंवा ज्योतीवरून झरकन फिरवायचं, म्हणजे त्याचं अंग थोडं नरम येतं आणि वरचा थर धरतं.

वरचे थरही किती प्रकारचे! धूळ बसू नये आणि वस्तू सुळकन सरकावी म्हणून सिलिकॉनचाच गुळगुळीत कोट. बटणांवरचे आकडे बोटांनी झिजू नयेत म्हणून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, कडक कोट, पण तो लवचिक हवा, नाहीतर बटण दाबलं की पापडासारखा तडकतो. इंजिनाच्या तेलात बसणाऱ्या पट्टीला तेलाला न जुमानणारा फ्लोरोचा कोट. वीज साठून राहू नये म्हणून काळा कोट. आणि एक पॅरिलिन म्हणून असतो, तो बुडवून किंवा फवारून लावतच नाहीत. पावडरीची वाफ करून, हवा काढलेल्या पेटीत ती वस्तूवर बसवतात. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. तो माल बाहेरगावी जायचा आणि परत आला की आम्ही तो हातात घेऊन पाहुण्याच्या बाळासारखा न्याहाळायचो.

गिऱ्हाइकं पण एकेक. फैजपूरचे एक नाना होते, केळी पिकवायचं चेंबर होतं त्यांचं. चेंबरच्या दाराची रबरी पट्टी ओलाव्यानं चौकटीला चिकटायची आणि दार उघडताना फाटायची. एक दिवस ती फाटकी पट्टी हारासारखी गळ्यात घालूनच ते ऑफिसात आले. म्हणाले, "आबा, याले असं कायतरी लावा का दारानं पट्टी सोडली पाहिजे. बठ्ठे उपाय करून पाहिले. तेल लावलं, पावडर लावली, नवस तेवढा ऱ्हायला." मी गुळगुळीत कोट मारून दिला. महिन्याभरानं केळीचा घड घेऊन आले आणि कोटिंगच्या खोलीत जाऊन हात जोडतो म्हणाले. मी त्यांना दारातच अडवलं, कारण त्यांच्या खिशात काडेपेटी होती.

इथून भीती सुरू होते. हे सगळे कोट थिनरमध्ये विरघळलेले असतात आणि आमचा थिनर म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. खोलीच्या मधोमध स्टीलची एक लांबट टाकी, तिच्यात तो कोट भरलेला. माल फ्रेमला टांगून टाकीत बुडवायचा, वर काढायचा, निथळायचा. टाकी उघडी असली की तिच्या काठावरून वाफ खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. ती दिसत नाही. वास येतो, पण नाकाला त्याची सवय होते, आणि सवय झाली की माणूस विसरतो.

मी विसरलो नाही, कारण धुळ्याला उमेदवारी करत होतो तेव्हा एक प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं लोखंडी डब्यातला थिनर प्लास्टिकच्या बादलीत ओतला. काडी नाही, बिडी नाही, वायर नाही. नुसता ओतला. भप्प झालं आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटले. तो वाचला. पण पुढं जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा त्याची बायको त्याला घास भरवत होती. आग कुठून आली, हे मला समजायला फार वर्षं लागली. ओतताना, घासताना, सोलताना वीज तयार होते. ती आपल्या अंगावर साठते. नायलॉनचा शर्ट काढताना चटचट होतं ना, तीच. घरात ती गंमत असते.

आणि आपल्या खानदेशची हवा! उन्हाळ्यात ती इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. दमट हवेत अंगावरची वीज आपोआप उतरून जाते, कोरड्या हवेत ती अंगावरच बसून राहते. शिवाय आमचा एक कोट असा होता की त्याला पक्कं व्हायला हवेतला ओलावा लागायचा. पुण्या-मुंबईचे लोक हसायचे, एवढ्या उन्हात तुमचा कोट वाळत नाही म्हणून. नाहीच वाळत! वरून साय धरायची आणि आतून चिकट राहायचा. म्हणून आम्ही खिडक्यांना गोणपाटं टांगली होती आणि खोलीतल्या कामगार बायका त्यांच्यावर आलटूनपालटून पाणी मारायच्या. दिसायला ती खोली गोठ्यासारखी दिसायची. पण कोट पक्का व्हायचा आणि माझा जीव जागेवर राहायचा.

बाकीचे नियमही माझ्याच भित्रेपणातून निघालेले. सुती कपडेच घालायचे. खोलीची फरशी उघडी ठेवायची, तिच्या खाली तांब्याच्या पट्ट्या गाडलेल्या होत्या. पायात कारखान्याच्या काळ्या चपला, त्यांतून वीज जमिनीत उतरते. आत पाऊल टाकण्याआधी दाराशी ठोकलेल्या पितळी पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगावरची वीज बाहेरच उतरते. सिलिकॉनच्या तावांना दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची फिल्म असते, ती सोलताना सगळ्यात जास्त वीज होते, म्हणून ते काम बाहेरच्या खोलीत. आणि शेवटचा नियम मी बायकांकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. आरडाओरडा झाला, काही वेगळं दिसलं, तर आधी टाकीचं झाकण पाडायचं आणि मग पळायचं. विचार करत बसायचं नाही. हात आपोआप झाकणाकडे गेला पाहिजे. झाकण स्टीलचं, बिजागरीचं. टाकी झाकली की आगीला खायला उरत नाही.

टाकीवर रेहाना असायची. तिशीतली बाई, दोन मुली, नवरा चटईच्या कारखान्यात. जळगावात प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने किती ते तुम्हाला माहीतच आहे. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. फ्रेम टाकीतून वर काढताना ती श्वास रोखायची, म्हणून तिच्या मालावर कधी ओघळ यायचा नाही. आणि झाकणाच्या कवायतीत तिचा पहिला नंबर. मी मुद्दाम मागून ओरडायचो, तिचं झाकण खाली पडल्याचा आवाज माझं ओरडणं संपायच्या आत यायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

तर ती सकाळ. एप्रिल महिना. पुण्याच्या एका कंपनीचे दोघं आमची कोटिंगची खोली बघायला येणार होते. त्यांना आमचं काम पसंत पडलं असतं तर खोलीतल्या बायकांना वर्षभराची निश्चिंती होती. म्हणून सगळ्यांनी मनावर घेतलेलं. शेठनी मला पाहुण्यांना आणायला स्टेशनवर पाठवलं. गाडी उशिरा आली, आणि त्या वेळात माझ्या मागं खोलीचं घर झालं.

म्हणजे काय झालं ते सांगतो. पाहुणे येणार, तर गोठ्यासारखी खोली कशी दाखवायची? गोणपाटं काढली. पाहुणे येणार, तर कळकट सुती कपडे कसे घालायचे? बायका लग्नात नेसायच्या चमचमत्या साड्या नेसून आल्या. पाहुण्यांना सगळं काम एका जागी बघता यावं म्हणून सोलायचं टेबल आत आणून टाकीला लावलं. आणि पाहुण्यांचे पाय उघड्या फरशीवर पडणार, हे तर जळगावच्या माणसाला सहनच होत नाही. रेहानाच्या नवऱ्यानं आपल्या कारखान्यातून स्वतः निवडून नव्या कोऱ्या चटया आणल्या, हिरव्या-लाल, मोराच्या नक्षीच्या, आणि बायकांनी त्या दारापासून टाकीपर्यंत अंथरल्या. सगळं हौसेनं. शेठनी येऊन पाहिलं आणि म्हणे वा वा केलं.

मी पाहुण्यांना घेऊन दाराशी आलो. एक पन्नाशीचे साहेब, आणि एक तरुण इंजिनिअर बाई. आत पाहिलं. खोली सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. साहेब तर "अरे वा" म्हणाले. आणि मला आतून आवाज आला. चट्. मग पुन्हा, चट् चट्.

रेहाना टाकीशी उभी राहून तावावरची फिल्म सोलत होती. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून झोकात, सर्रकन. बाकीच्या बायका भिंतीशी ओळीनं उभ्या. टाकीचं झाकण उघडं. तिच्या पायात घरच्या प्लास्टिकच्या चपला, चपलांखाली प्लास्टिकची चटई. तिच्या साडीचा पदर वारा नसताना तावाकडे ओढला जात होता. एक ताव सोलून ती फ्रेमच्या लाकडी दांडीला टांगायची आणि दुसरा घ्यायची. ते टांगून झाले की ती फ्रेम टाकीत बुडवणार होती. तेव्हा तिचा हात टाकीच्या काठाजवळ जाणार होता. काठ स्टीलचा, जमिनीशी जोडलेला. तिच्या बोटातली वीज त्या काठाकडे उडी मारणार होती, वाफेतून.

माझ्या पाचावर धारण बसली. धुळ्याचे ते हात डोळ्यांपुढं आले.

तुम्ही म्हणाल, ओरडायचं होतं. वाफ बाहेर ओढणारा भिंतीतला पंखा घरघरत होता, त्यात शब्द कळत नाहीत, नुसता सूर कळतो. आणि माझा ओरडण्याचा सूर ऐकला की रेहाना काय करणार, हे या जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आधी झाकण. मी तिला तेच शिकवलं होतं. माझं ओरडणं संपायच्या आत तिची बोटं स्टीलला लागली असती.

मी ओरडलो नाही. पाहुण्यांना म्हणालो, "जरा थांबा हं, आमच्याकडे आधी पाणी शिंपडतात." माझा आवाज कुणी दुसरा बोलावा तसा येत होता. दाराबाहेर गोणपाटांसाठी भरलेली बादली होती आणि तिच्यात तांब्या. मी चपला काढल्या, पितळी पट्टीला हात लावला आणि दारातून सडा घालावा तसं चटईवर पाणी टाकायला सुरुवात केली. एक तांब्या टाकायचा, त्या ओल्या जागेवर अनवाणी पाय ठेवायचा, पुढं टाकायचा. पाणी चटईच्या कडेनं फरशीवर उतरत होतं. ते उतरलं की माझा रस्ता जमिनीशी जोडला जात होता. धावता येत नव्हतं. धावलो असतो तर कोरड्या चटईवर पाय पडला असता आणि मग मीही तिच्यासारखाच झालो असतो.

भिंतीशी उभ्या बायका खुदुखुदू हसायला लागल्या. त्यांना वाटलं आबा पाहुण्यांपुढं काहीतरी थाट करतोय. मागून शेठचा आवाज आला, "आबा, अहो काय चाललंय?" मी वळलो नाही. रेहानानं मान वर केली, हसली, आणि हातातला ताव टांगला. आता तिच्यापुढं मोजकेच उरले होते.

मी साध्या आवाजात, नेहमी डबा उघडताना बोलतो तसं म्हणालो, "रेहाना, बेटा, ते राहू दे. हात पोटाशी धर." तिला ऐकू आलं नाही. "काय आबा?" म्हणत ती माझ्याकडे वळली आणि टेकायला म्हणून तिचा हात मागं गेला. मागं टाकी होती. माझ्या छातीत असा ठोका पडला की मला वाटलं आग लागण्याआधी मीच जातो. मी दोन्ही हात जोडून पोटाशी धरले आणि तिला दाखवले. देवापुढं धरतो तसे. ती गोंधळली, पण माझं बघून तिनं हात पोटाशी धरले. का ते तिला माहीत नव्हतं. अजून सांगतो, त्या क्षणाला मी कुठल्या देवाचं नाव घेतलं ते मला आठवत नाही, बहुतेक सगळ्यांचं घेतलं.

मी तिच्यापर्यंत पोचलो आणि उरलेलं पाणी हळूहळू तिच्या पायांवर ओतायला लागलो. भीती याचीच होती. तिच्या अंगातली वीज पाण्यातून सावकाश उतरली तर ठीक. पण पावलाशी ठिणगी पडली तर वाफ जमिनीलगतच असते. मी ओतत होतो आणि ऐकत होतो. रेहाना मात्र भलत्याच कारणानं घाबरली. बापाच्या वयाचा माणूस आपले पाय धुतोय! "या अल्ला! आबा, काय करताय, मला गुनाह लागेल," म्हणत ती पाऊल मागं घ्यायला लागली. मी म्हणालो, "लागू दे गुनाह. पाय हलवू नकोस. तुझ्या पोरींची शपथ आहे तुला." पोरींचं नाव निघालं आणि ती दगडासारखी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

मग मी तिला चपला काढायला लावल्या, ओल्या चटईवर पाय टेकवायला लावले, तिचा हात धरला आणि त्याच ओल्या वाटेनं दाराबाहेर नेलं. भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांच्या पायाशी पाणी ओतून त्यांनाही एकेक करून बाहेर काढलं. शेवटी मी परत आत गेलो आणि टाकीचं झाकण स्वतः पाडलं. झाकण पडल्याचा आवाज झाला. मी तिथंच ओल्या मोरांवर बसलो.

काहीही झालं नव्हतं. ठिणगी नाही, धूर नाही. पाहुण्यांतल्या त्या इंजिनिअर बाईला सगळं कळलं होतं. तिनं मघापासून साहेबांचा दंड धरून त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं होतं आणि तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता. साहेबांना मात्र वाटलं हीच इथली रीत. म्हणाले, "काम सुरू करण्याआधी कामगार बाईचे पाय धुता तुम्ही, फार चांगली पद्धत आहे." बाईनं त्यांना तिथं काही सांगितलं नाही.

पाहुणे जेवायला गेले आणि शेठ माझ्यावर उखडले. मी वीज आणि वाफेचं सांगितलं, ते त्यांना पटेना. "आबा, चिखल केला तुम्ही! लग्नघर आहे का हे? चटईनं कधी आग लागते का? सगळं जळगाव चटईवर बसतं." त्यांचंही बरोबर होतं. दिसत नाही ते माणसानं कसं मानायचं? मी म्हणालो, मागच्या अंगणात चला.

अंगणात एक चटई अंथरली, सुकी. मोकळ्या जागी, स्टीलच्या डब्याच्या झाकणात चमचाभर थिनर ओतला आणि ते ओल्या मातीवर ठेवलं. शेजारी वाळूची बादली, ओलं गोणपाट. मी चटईवर उभा राहिलो, ताव सोलला, बोट झाकणाजवळ नेलं. काही नाही. पुन्हा सोलला. काही नाही. माझे तळवे आणि धोतराचे सोगे अजून ओले होते, ते माझ्या लक्षातच आलं नाही. शेठ हसले. "उतरलं का आबांचं भूत?"

रेहाना बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मी उभी राहते." मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तिथं मीच होते ना आबा? मग मला बघू द्या." तिनं पाय पदरानं कोरडे केले, वाळलेल्या चपला घातल्या, चटईवर चढली. मी ओलं गोणपाट उघडून हातात धरलं. तिनं एक ताव सोलला. सर्रकन, सकाळी सोलत होती तसाच. मग दुसरा. मग खाली बसून हात लांब केला आणि एक बोट झाकणाच्या काठाजवळ नेलं. टेकवलंही नाही.

चट्.

तिनं हात मागं ओढला. शेठ म्हणाले, "काही तर नाही झालं." एप्रिलच्या उन्हात त्या आगीची ज्योत दिसतच नव्हती. झाकणावरची हवा तेवढी थरथरत होती. शेठनी पुढं वाकून तळवा धरला आणि ओरडून मागं झाले. मी गोणपाट टाकलं. विझलं ते. एवढंच.

शेठ कितीतरी वेळ तळवा फुंकत उभे राहिले. मग आत गेले, आणि खिडक्यांना गोणपाटं टांगायला त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून सुरुवात केली, हे मला नंतर बायकांनी सांगितलं. मी तिथं नव्हतो. मी अंगणात रेहानाजवळ बसलो होतो. ती आपल्या बोटाकडे बघत होती. बोटाला काहीही झालेलं नव्हतं.

"आबा, इथं चमचाभर होतं," ती म्हणाली. "तिथं?"

"टाकीभर."

तिनं मान हलवली. रडली नाही. उठली, चटईची गुंडाळी केली, मग आतल्या ओल्या चटया उन्हात घालून वाळवल्या आणि त्याही गुंडाळल्या. सगळ्या एका सुतळीनं बांधल्या. बांधून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा, आमच्या यांना सांगू नका. त्यांनी किती हौसेनं आणल्या होत्या. रात्री मुलींना दाखवत होते, कोणता मोर चांगला म्हणून. त्यांना कळलं तर ते आयुष्यात पुन्हा माझ्यासाठी काही आणणार नाहीत." मी म्हणालो, नाही सांगणार.

नाही सांगितलं. तिचं नाव रेहाना नाही. आणि चटईच्या कारखान्यात कामाला असलेले नवरे जळगावात गल्लोगल्ली आहेत, तेव्हा हा अंक त्याच्या हाती पडला तरी त्याला ते दुसऱ्याच कुणाचं वाटेल, असा माझा अंदाज आहे. तिनं घरी सांगितलं की पाहुण्यांना चटया फार आवडल्या, आबांनी तर त्यांच्यावर बसून घेतलं. तो अजूनही मला भाजीबाजारात भेटतो. सायकल थांबवतो, सलाम करतो आणि दर वेळी तेच विचारतो, "आबा, परत पाहुणे आले की सांगा हां. या वेळी मी आख्ख्या खोलीभर आणतो." मी म्हणतो, "हो रे बाबा, सांगतो."